माझ्या पोटातली आंबट पेज

वाचक मित्रांनो, एका थकलेल्या देहाची जीवनकथा मी आज आपणापुढे सादर करीत आहे. ती आपण शांत चित्ताने वाचावी, ही नम्र विनंती.

मी कपडे धुण्याचे एक जुने मशीन आहे. सन १९८३ मध्ये दाभोळच्या रघू खलाशाने मला परदेशातून आणले. धोंड्यावर कपडे आपटून त्याची पत्नी विमला हिचे मनगट कायमचे सुजले होते. तिच्याकरिताच माझे आगमन झाले. रघूच्या आईने, मथुराबाईंनी, मला हळदकुंकू वाहिले. आळीतल्या बायका झाकण उघडून माझी स्तुती करीत.

परंतु कपड्यांना खळ हवी, म्हणून मथुराबाई दर खेपेस भाताची पेज माझ्यातच ओतू लागल्या. धुणे आटोपताच माझ्या ओल्या अंगावर झाकण बंद होई आणि वर भरतकामाचा रुमाल पडे. आतल्या आत मी आंबत राहिले. पुढे माझे फिरणे जड झाले. रघूच्या पांढऱ्या सदऱ्यांना करड्या खपल्या चिकटू लागल्या.

एके दिवशी मथुराबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "सूनबाय, काय गो हा वास! ही पेटी गोठ्यात टाक. नारळाची सोललेली सोडणं भरायला बरी."

"आणि कपडे?"

"धोंडा काय पळून गेला?"

विमलाने स्वतःच्या मनगटाकडे पाहिले. मग विजेची पिन काढून तिने माझ्या तळाची फिरती चकती सोडविली. खाली साबण व पेज यांचा बोटभर चिखल साचला होता. तो तिने हातावर घेऊन सासूपुढे धरला.

"आत्याबाय, वास घ्या. पेज कोणाची?"

"म्हणजे मी सडवलं हिला?"

"तुम्ही ओतलीत, मी झाकण लावलं. दोघींनी मिळून सडवलं."

चुलीवर पाणी तापवून विमला काथ्याने मला घासू लागली. थोड्या वेळाने मथुराबाईंनी तिच्या हातातला काथ्या ओढून घेतला.

"दे इकडे. तुझं मनगट दुखेल."

तेव्हापासून पेज वेगळ्या बादलीत जाते. मी पुन्हा फिरते. मात्र आत चढलेला गंज निघाला नाही आणि पूर्वीचे बळही परतले नाही.

मित्रांनो, माझे मागणे अल्प आहे. काम झाल्यावर पाणी पूर्ण सोडा, तळ पुसा व झाकण उघडे ठेवा. दमलेल्या देहाला थोडा वारा लागू द्या.

या मुक्या यंत्राचे मनोगत कागदावर उतरविणारा मी, केरू भागोजी गोरिवले, मुक्काम दाभोळ. आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल आपला अत्यंत आभारी आहे.