सगळ्यात लांब पर्याय

परीक्षा मंडळात तेरा वर्षं आठवीचा पेपर काढणाऱ्या त्या गृहस्थांना घरात सगळे पर्यायराव म्हणत, आणि त्यात अन्याय काहीच नव्हता. बायकोनं 'रविवारी कुठे जायचं का' एवढंच विचारलं, तरी हे बोटांवर मोजायला लागत. बागेत जाता येईल, बहिणीकडे जाता येईल, घरी थांबता येईल, किंवा यांपैकी काहीच नाही. तोवर बायको चपला घालून एकटीच बाहेर पडलेली असे.

मंडळात मात्र त्यांचा दबदबा होता. प्रश्न काय, कुणीही काढेल, खरी कला चुकीच्या उत्तरांची, असं त्यांचं म्हणणं. चुकीचं उत्तर असं देखणं हवं की अर्धवट अभ्यास केलेलं पोर त्याच्यावर हटकून भाळलं पाहिजे. साठ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, म्हणजे दर वर्षी एकशे ऐंशी चुकीची उत्तरं ते जेवणाच्या टेबलावर बसून तयार करत. त्यांचा त्यांना भारी अभिमान होता.

यंदा निकाल लागला आणि मंडळात खळबळ उडाली. शहराच्या कडेच्या एका शाळेतली शेवटची तुकडी, जिच्याकडून मुख्याध्यापकांनीही अपेक्षा सोडली होती, तिच्यातल्या चौतीसपैकी एकतीस मुलांना ऐंशी टक्क्यांच्या वर गुण. पाणी मुरतंय, असं सगळ्यांचंच मत पडलं. चौकशीला पर्यायरावांना पाठवायचं ठरलं. कॉपी निघाली तर तुकडीचा निकाल रद्द आणि वर्गशिक्षिका निलंबित, इतका सरळ हिशोब होता.

पर्यायराव तयारीनिशी गेले. त्यांनी वीस नवे प्रश्न काढले, पाकीट स्वतः चिकटवलं आणि ते कुणाच्या हाती दिलं नाही. वर एक खोडी करून ठेवली होती. वीसपैकी दहा प्रश्न वरच्या इयत्तेचे होते, या मुलांना न शिकवलेले. ते कुणाला बरोबर आले, तर उत्तरं बाहेरून येतात हे सिद्ध, आणि सापळा बंद.

वर्गशिक्षिका बाई तिशीच्या, बारीक अंगाच्या, कुर्त्याच्या बाहीला खडू लागलेला. आपली नोकरी टांगणीला लागलीय हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्या गडबडल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच सांगितलं, की परीक्षा खुशाल घ्या, पण घेतल्यावर मुलांशी बोला. पर्यायरावांनी 'बघू' म्हणून मान हलवली आणि मुलांना एकेका बाकावर एकेक बसवलं. मग ते डोळ्यांत तेल घालून वर्गात फिरू लागले.

अकरा मिनिटांत सगळ्यांनी पेनं खाली ठेवली. अकरा मिनिटांत त्यांना स्वतःलाही तो पेपर धड वाचून झाला नसता. ते टेबलाशी बसून उत्तरसूची लावून तपासायला लागले. सतरा. अठरा. सोळा. पुन्हा अठरा. न शिकवलेल्या दहांतले सात-आठ प्रश्न जवळजवळ सगळ्यांना बरोबर आले होते. दार-खिडक्या बंद होत्या, वर्गात ते स्वतः फिरत होते, आणि मुलांकडे पेनाशिवाय काही नव्हतं.

शेवटी त्यांनी एक कागद उचलला आणि तो कुणाचा म्हणून विचारलं. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्ग तिला वकील म्हणत असे, कारण ती कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय सोडत नसे. बाराव्या प्रश्नाचं उत्तर तिला कसं आलं, असं त्यांनी जरा दरडावूनच विचारलं.

"आलं नाही, सर. त्या प्रश्नातला शब्दसुद्धा मला कळला नाही," वकील म्हणाली. "पण उत्तर तिसरंच असणार. सगळ्यात लांब तेच होतं."

वर्गात खसखस पिकली. बाईंनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे सहा मोठे कागद एकाला एक जोडून चिकटवले होते आणि त्यावर रेघा, आकडे, रंगीत ठिपके यांची नुसती जत्रा भरली होती.

झालं होतं ते असं. शाळेनं फर्मान काढलं होतं, की शेवटच्या तुकडीकडून जुने बारा पेपर घोटून घ्या. चौथ्या पेपरला मुलं जांभया द्यायला लागली. तेव्हा वकिलानं विचारलं, हे पेपर काढतं तरी कोण? बाई म्हणाल्या, मला माहीत नाही, पेपर तुमच्यासमोर आहेत, त्यांतूनच शोधा. झालं, तुकडी पेटली. सहा आठवडे त्यांनी सातशे वीस प्रश्न मोजले. बरोबर उत्तर चारशे एकतीस वेळा सगळ्यात लांब होतं. 'वरीलपैकी सर्व' अठ्ठावन्न वेळा आलं, त्यातलं पंचावन्न वेळा तेच बरोबर. 'नेहमी', 'फक्त', 'कधीच नाही' असलेला पर्याय बिनधास्त खोडावा. पहिला पर्याय सहसा बरोबर नसतो, कारण पोराला लगेच उत्तर सापडलेलं काढणाऱ्याला आवडत नाही. चौथा चुकीचा असला तर फारच वेडगळ असतो, कारण तिथवर येईपर्यंत तो माणूस दमलेला असतो.

पर्यायराव एकेक ओळ वाचत गेले. तेरा वर्षांच्या कारभाराचं पितळ त्या भिंतीवर उघडं पडलं होतं, तेही रंगीत खडूंनी. सर्वांत खाली एक चौकट होती, 'पेपर काढणारा माणूस' अशी. तिच्यात लिहिलं होतं: मनाने चांगला. घाबरट.

"घाबरट कशावरून?" त्यांनी विचारलं.

"बरोबर उत्तरावर कुणी हरकत घेऊ नये म्हणून ते त्यात 'साधारणपणे', 'बहुतेक वेळा' असलं घालत बसतात," वकील म्हणाली. "म्हणून ते लांबतं. चुकीच्या उत्तरावर कोण हरकत घेणार? सर, आम्ही एकमेकांचं बघितलं नाही. फक्त त्यांचं बघितलं."

पर्यायराव खुर्चीत बसले. पहिल्याच वर्षी एका पालकानं एका उत्तरावर हरकत घेतली होती आणि मंडळानं सगळ्यांसमोर त्यांना उभं करून जाब विचारला होता. त्या दिवसापासून ते प्रत्येक खऱ्या वाक्याला शेपूट लावत आले होते. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती, आणि चौतीस पोरांनी ती नुसत्या लांबीवरून ओळखली होती. त्यांना लाज वाटली, पण गंमत अशी की त्याहून जास्त हसू आलं. तेरा वर्षांत इतक्या लक्षपूर्वक त्यांना कुणी वाचलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, या युक्त्या लागू न पडलेला असा एखादा प्रश्न होता का? अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "चहाचा!"

यंदाचा त्रेचाळिसावा प्रश्न. दोन कपांत सारखाच गरम चहा. एकात थंड दूध आत्ता घातलं, दुसऱ्यात तेवढंच दहा मिनिटांनी. दहा मिनिटांनंतर जास्त गरम कोणता? पहिला, दुसरा, दोन्ही सारखे, सांगता येत नाही. पर्याय सगळे बुटके, शेपूट एकालाही नाही. मुलांनी सांगितलं, की तिथे ती अडकली आणि नाइलाजानं विचार करत बसली. अर्ध्यांचं चुकलं. मग परीक्षा संपल्यावर प्रयोगशाळेतला तापमापक आणून त्यांनी दोन दिवस पाणी गरम करून भांडणं केली.

"तोच एक खरा प्रश्न होता," वकील म्हणाली. "माझा चुकला, पण मजा आली."

आपल्या पेपरातल्या प्रश्नाला मजा आली असं म्हणणारं पोर पर्यायरावांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांनी अहवालाचा कागद पुढे ओढला आणि लिहिलं, 'साधारणपणे कॉपी झाली नसावी असे दिसते.' लिहून झाल्यावर ते त्या वाक्याकडे बघत राहिले. हे मंडळात गेलं तर पुन्हा चौकशी होईल, पुन्हा पाकीट, आणि बाई तोवर घरी. त्यांनी ते खोडून खाली लिहिलं, 'कॉपी झालेली नाही. दोष पेपरात आहे. पेपर मी काढला आहे.' आणि सही केली.

बाईंनी वाचलं आणि त्या गंभीर झाल्या. यानं तुमचं पद जाईल, असं त्या हळूच म्हणाल्या.

"जाईल," पर्यायराव म्हणाले.

तोवर वकील त्यांच्या खांद्यावरून वाचून मोकळी झाली होती. ती भिंतीकडे बघून लाल झाली, मग धीर करून म्हणाली, "सर, म्हणजे चहाचा प्रश्नही तुमचाच?"

"नाही," ते म्हणाले. "मला एक कमी पडत होता. तो माझ्या बायकोनं दिला."

"मग पुढच्या वर्षीचा पेपर त्यांनाच काढू द्या ना."

वर्ग बाकं बडवत हसला, बाईही हसल्या, आणि पर्यायरावांना यावर हरकत घेण्यासारखं काहीच सापडलं नाही.