सांगायचा राहिलेला इलाज

"स्वरयंत्र काढावं लागेल. सोमवारी दाखल व्हा," सर्जन म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली.

आक्का, माझी थोरली बहीण, बावीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करते. अख्खं शहर तिला आवाजाने ओळखतं. तीन महिने घसा बसला म्हणून दाखवलं, तर कॅन्सर निघाला. जन्मात तंबाखूला हात लावला नाही बाईने!

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू या."

दादा, आमचा भाऊ, उसळला. सर्जन त्याच्या साहेबांच्या ओळखीतले. "मी शब्द टाकून नंबर लावलाय. आता माझं नाक कापणार का?"

"तुझं नाक नाही कापत कुणी. तिचा गळा कापताहेत!"

आक्का घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाली, "फाइल घेऊन ये."

फाइलच्या खिडकीतली बाई म्हणाली, "कशाला हवीय? डॉक्टरांवर विश्वास नाही?" मग सही आणा, उद्या या, जेवणाची सुट्टी. तिसऱ्या दिवशी मी खिडकीसमोरून हललेच नाही. मागे रांग वाढत गेली. शेवटी रांगेतलेच एक आजोबा ओरडले, "अहो, त्यांचं त्यांना द्या की!" तेव्हा कुठे फाइल आणि बायॉप्सीच्या काचपट्ट्या हातात पडल्या.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी सगळं वाचलं, नाकातून दुर्बीण घालून स्वतः घसा पाहिला. म्हणाल्या, "निदान बरोबर आहे. पण स्वरतंतू अजून हलताहेत. रेडिएशन आणि सोबत केमो देऊन स्वरयंत्र वाचवायचा प्रयत्न करता येईल. सात आठवडे. गिळताना जीव नकोसा होईल. आवाज पूर्वीसारखा राहीलच असं नाही. आणि नाहीच जमलं, तर ऑपरेशन आहेच."

सोमवारी आक्का हट्टाने सर्जनकडे गेली. दाखल व्हायला चाललीय, असं सोबत आलेल्या दादाला वाटलं. ती खुर्चीत बसलीसुद्धा नाही.

"हा इलाज तुम्हाला माहीत होता?"

"होता. पण दोन पर्याय सांगितले की पेशंट गोंधळतात."

"गोंधळले असते तर माझी मी गोंधळले असते. गळा माझा आहे ना?"

दादाचा चेहरा लालबुंद झाला होता. "निदान मला तरी सांगायचंत, साहेब."

"तुम्ही विचारलं नाहीत," सर्जन म्हणाले.

दादा इतक्या तिरमिरीत उठला की खुर्ची उलटली. ती त्याने उचललीही नाही.

पुढचे सात आठवडे काय होते ते आमचं आम्हाला माहीत. पाचव्या आठवड्यात घोटभर पाणी उतरेना. आक्काने मला शिव्या घातल्या, "तुझ्यामुळे हे सगळं!" मीही चिडले, मोरीत जाऊन रडले आणि परत येऊन चमच्याने पेज भरवली.

तीन महिन्यांनी स्कॅन स्वच्छ आला. आवाज खरखरीत झालाय, पण आक्का कामावर परतली.

तिने हॉस्पिटलला तक्रार पाठवली. एका ओळीचं उत्तर आलं: आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

आता दुसरं पत्र चाललंय. ती सांगते, मी लिहिते, दादा पाकिटावर पत्ता घालतो. काल मी 'चूक झाली' असं लिहिलं.

"खोड ते," आक्का खेकसली. "लिही, लपवलं."