मेलेल्याचा रक्तदाब

आरोग्य केंद्राच्या खिडकीशी मुंगी शिरायला जागा नव्हती. आत कारकुनाच्या टेबलावर संगणक होता आणि त्याच्या पडद्यावर, गेल्या महिन्यात वारलेले पोस्टमास्तर अण्णा पुन्हा उगवले होते. नाव, वय, गोळ्या आणि रक्तदाब एकशेतीस-ऐंशी.

"माझ्यापेक्षा बरा आहे," न्हावी हळहळला.

कारकून रडकुंडीला आला होता. "कितीदा काढू हो यांना? संध्याकाळी काढतो, सकाळी हजर!"

"काढू नकोस, बाळ," सिग्नलमहाराज म्हणाले. हे पूर्वी मोबाइलची कव्हरं विकत. आता केंद्रामागच्या टॉवरखाली बसत. "देह म्हणजे हँडसेट, आत्मा म्हणजे डेटा. हँडसेट फुटला म्हणून डेटा मरतो का? रेंज वाढू दे, देहही डाउनलोड होईल."

"किती एमबीचा असेल?" न्हाव्याने विचारलं.

"श्रद्धा अनलिमिटेड हवी!"

अण्णांची लेक हसली असती, पण शेजारी आई हात जोडून उभी होती. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आणखी लांबवलं तर नजर कायमची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शस्त्रक्रिया गुरुवारी होती आणि आई हटून बसली होती. "हे दारात येतील आणि मी दवाखान्यात? कुलूप बघून परत गेले तर?" महाराज तर रोज तिच्याकडे जेवायला बसत, अण्णांच्या वतीने. दुसऱ्यांदा भातही अण्णांच्याच वतीने घेत.

लेक शाळेत विज्ञान शिकवायची. ती पडद्याजवळ गेली. "आई, परवा अण्णांचा रक्तदाब किती होता?"

"एकशेतीस-ऐंशी."

"आज?"

"तेवढाच. आत्ताच वाचून दाखवला ना."

"अगं, जिना चढला तरी माणसाचा रक्तदाब हलतो. आणि परलोकातून येऊनही दम लागला नाही त्यांना?" ती नर्सकडे वळली. "ताई, हा रक्तदाब कुणी नोंदला?"

"मीच, आजारपणात. जुन्या फोनवर," नर्स म्हणाली. "आडबाजूच्या घरांत रेंज नसते, म्हणून आमच्या पेशंटच्या नोंदींची एक प्रत फोनमध्येच राहते. रेंज आली की फोन आणि संगणक आपापल्या नोंदी ताडून बघतात. एकाकडे नसेल ते दुसरा देतो."

"आणि तो जुना फोन?"

नर्स ओशाळली. "काच फुटली म्हणून नवा मिळाला. जुना महाराजांना दिला. भजनं ऐकायला."

सगळ्यांच्या माना महाराजांच्या खिशाकडे वळल्या.

"तो फोन नव्हे, माध्यम आहे," महाराज म्हणाले.

"मग त्यातून आणखी एकाला आणू." लेकीने फोन मागून घेतला. नर्सने तिच्या सांगण्यावरून त्यात नवा पेशंट नोंदला: कारकुनाचं डुगडुगणारं लाकडी स्टूल, तक्रार एक पाय आखूड. क्षणात संगणकावर स्टूल अवतरलं. कारकुनाने ते पुसलं. लेकीने फोन बंद करून पुन्हा चालू केला. स्टूल परत हजर.

"स्टुलाचा पुनर्जन्म!" न्हावी ओरडला. "महाराज, आता त्याचा पाय बरा करा!"

खिडकीत हशा पिकला. लेक मात्र कारकुनाला विचारत होती, "दादा, इथे 'मृत' अशी खूण करायची सोय आहे. मग तुम्ही पुसता कशाला?"

कारकुनाने मान खाली घातली. "माझ्या नोकरीचं पत्र अण्णांनी पळत आणून दिलं होतं. त्यांच्या नावापुढे तो शब्द लिहायला बोट धजत नाही. कुणाच्याच नावापुढे धजत नाही. हळूच पुसून टाकतो."

"पुसलं की मागे काहीच उरत नाही. जुन्या फोनला वाटतं, संगणकाकडे नोंद पोहोचलीच नाही. तो बिचारा पुन्हा पाठवतो. 'मृत' लिहिलं असतं, तर ती बातमी त्याच्यापर्यंतही गेली असती. अण्णा वारल्याचं त्याला कुणी सांगितलंच नाही."

आईने जोडलेले हात सोडले. मग म्हणाली, "मलाही कुठे कुणी सांगितलं? कुणी म्हणे देवाघरी गेले, कुणी म्हणे आपल्यातच आहेत." तिने कारकुनाच्या खांद्यावर हात ठेवला. "लिही रे बाळा. मेले म्हणून लिही."

कारकुनाने डोळे पुसत खूण केली. लेकीच्या हातातल्या फोनवर अण्णांचं नाव करडं झालं आणि तसंच राहिलं. महाराज चटई गुंडाळू लागले.

"महाराज," आई म्हणाली, "आज जेवायला येऊ नका. मला गुरुवारची तयारी करायची आहे."

"आणि या स्टुलाचं काय?" न्हाव्याने विचारलं.

"त्याला सुताराकडे न्या," लेक म्हणाली. "स्टूल सुताराकडे, डोळे डॉक्टरांकडे. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी त्याचे खिसे बघा."