फाउस्तोचं टक्कल

रोममध्ये आपल्या तोडीचा शिल्पकार नाही, असं प्रॉस्पेरोचं ठाम मत होतं. हेच मत आणखी कुणाचं असल्याचं अजून कानावर आलं नव्हतं, एवढंच.

दारूविक्या फाउस्तो वारला, तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या बायकोला, ओर्सोलाला, प्रॉस्पेरोनंच पुतळ्यासाठी गळ घातली होती. "बाईसाहेब, संगमरवर नको. त्यात माणूस गेलेलाच दिसतो. ब्राँझवर उजेड हलतो, माणूस आत्ता बोलेल असं वाटतं." ओतून झालेल्या पुतळ्यावर त्यानं असा काळपट तपकिरी रंग चढवला, की स्वतःच्याच कामावर तो लट्टू झाला.

पुढे चर्चमधल्या बड्या धर्मगुरूच्या, कार्डिनलच्या, कारभाऱ्यानं तो पुतळा बघायचा निरोप धाडला. पसंत पडला तर खुद्द कार्डिनलचा पुतळा प्रॉस्पेरोकडे! कारभारी यायचा त्या दिवशी प्रॉस्पेरो सकाळीच ओर्सोलाच्या घरी थडकला. ती प्रार्थनेला गेली होती. तो थेट पुतळ्यापाशी गेला. बाकी फाउस्तो जसाच्या तसा, टक्कल मात्र घासलेल्या हंड्यासारखं लखलखत होतं.

"बाई रोज हात फिरवतात," मोलकरीण म्हणाली.

गाढवाला गुळाची चव काय, असं पुटपुटत त्यानं निखारे मागवले, टक्कल शेकलं आणि काळं रोगण चढवलं. स्वतःचं टक्कल त्यानं नेहमीप्रमाणे टोपीखाली झाकलेलं होतं.

कारभारी आला, पुतळ्याभोवती फिरला. "वा! काम तुम्हालाच."

तेवढ्यात ओर्सोला आली. सवयीनं तिचा हात पुतळ्याच्या डोक्यावर गेला आणि तिथंच थबकला.

"मेल्या, हे काय केलंस? माझा हात पुसून टाकलास रे."

ब्राँझ जिवंत वाटतं म्हणून गावभर मिरवणारा प्रॉस्पेरो, आणि तिच्या हातानं ते खरंच जिवंत झालं तेव्हा गाढव कोण ठरलं? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोक्यावरची टोपी ओढून तो तिनंच ते रोगण खरवडायला लागला.

"अहो, रंग घालवताय की!" कारभारी ओरडला.

"जाऊ दे काम," प्रॉस्पेरो म्हणाला आणि आणखी जोरानं घासू लागला. नुसते ओरखडे उठले.

ओर्सोलानं त्याला बाजूला सारलं. "राहू दे. जिवंतपणी तरी त्याचे केस एका दिवसात कुठे गेले होते?"

आणि तिनं पहिल्यापासून हात फिरवायला घेतला.