येर्कोला हाक

फेब्रुवारी हा तिथला, दक्षिण गोलार्धातला, भर उन्हाळ्याचा महिना. पण त्या अरण्यात उन्हाळा म्हणजे दोन पावसांमधली उसंत, इतकंच. कोइग्वेच्या खोडांवर शेवाळ असं चढलं होतं की झाड कुठे संपतं आणि ओल कुठे सुरू होते ते कळू नये. एदुविना, जिला इथे सगळे मानाने 'दोन्या' म्हणत, बसमधून उतरली तेव्हा सरोवरावर धुकं होतं, आणि पलीकडचा ज्वालामुखी जणू कधी नव्हताच.

सरोवराकाठचा कॅम्प चालवणाऱ्या नोल्फाने तिला फाटकापासूनच ओळखलं. म्हातारी दर उन्हाळ्यात यायची. कॅम्पच्या पार टोकाला, जिथे तिचा मुलगा येर्को पोहायला उतरला आणि गार पाण्याने त्याला परत दिलं नाही, तिथे ती तंबू ठोकायची. शेजारीच त्याची अनिमिता होती: अकाली गेलेल्याचा जीव जिथे सुटला तिथे त्याला टेकायला बांधतात ते कमरेइतकं लाकडी घरकुल. वर पत्रा, आत फोटो, फोटोपुढे वितळलेल्या मेणाचा जाड थर.

राखेत भाजलेला गरम पाव फडक्यात गुंडाळून नोल्फा गेली, तेव्हा एदुविना तंबूच्या खुंट्या दगडाने ठोकत होती.

"द्या इकडे, दोन्या. कंबर धरेल."

"धरलेलीच आहे. आता सोडायला तयार नाही." म्हातारी ओंडक्यावर बसली. पाव मोडून तिने त्याची वाफ चेहऱ्यावर घेतली. "यंदा त्याला न्यायला आलेय, नोल्फा, या घरकुलासकट. गुडघे गेले माझे. पुढच्या वर्षी बसची पायरी काही चढवायची नाही. लिनारेसला घरी परसात द्राक्षाचा मांडव आहे, त्याखाली ठेवीन त्याला."

नोल्फाच्या हातातला दगड खुंटीवर पडायचा तो बाजूच्या चिखलात पडला.

येर्को आता एकट्या आईचा राहिला नव्हता. कुणी ट्रकवाल्याने घाटात ब्रेक निकामी झाले तेव्हा त्याचं नाव घेतलं होतं, परीक्षेला घाबरलेल्या कुणा पोरीने मेणबत्ती लावली होती. आणि घरकुलाभोवती हळूहळू पत्र्याच्या पाट्या वाढत गेल्या होत्या. 'उपकार झाले, येर्कितो.' पण त्याच्यापाशी सगळ्यांत मोठं मागणं नोल्फाचं होतं. तिच्या मुलीची, यास्नाची, दोन बाळं पोटातच गेली होती. आता तिसरं होतं. दिवस भरले होते, आणि पोर्तो मोंतच्या इस्पितळात ती छताकडे बघत पडली होती. नोल्फा रोज संध्याकाळी त्या पाण्यात बुडलेल्या मुलापाशी जायची आणि म्हणायची, हिचं एवढं तरू दे. देव फार लांब होता. हा पोरगा निदान ओळखीचा होता.

स्वयंपाकघरात चुलीवर नवऱ्याचे, रोसामेलचे, मोजे वाळत होते. त्याने 'माते' नावाच्या कडू चहाची नळी तोंडातून काढली आणि बायकोचं सगळं ऐकून घेतलं.

"नेऊ दे की तिला, नोल्फा."

"नेऊ दे? आणि यास्ना?"

"लाकूड नेऊ दे म्हणतोय मी. फोटो नेऊ दे. जीव काय पत्र्याला खिळ्यांनी ठोकलाय?" त्याचा आवाज उतरला. "नाव घेऊन बोलावल्याशिवाय, वाटेतल्या वळणावळणावर हाक मारल्याशिवाय गेलेला माणूस जागचा हलत नाही. माझ्या आज्जाला समुद्रावरून आणला तेव्हा बापाचा घसा बसला होता. पण हे आपल्याकडचं. ती वरची, द्राक्षाच्या मुलखातली. तिला कुठून माहीत असणार?"

"म्हणजे तिने रिकामं घर न्यायचं."

"तिला रिकामं वाटणार आहे का? तिचं समाधान, आपलं काम. गप्प राहायचंय फक्त. आणि गप्प राहणं तुला तसं जमत नाही, पण एक दिवस जमव."

नोल्फा हसली नाही. पण रागावलीही नाही, आणि हे तिचं तिलाच खुपलं. गप्प राहणं ही किती हलकी गोष्ट होती. शेवाळासारखी, नुसतं काही न करता वाढणारी.

संध्याकाळी ती मेणबत्ती घेऊन गेली तेव्हा पाऊस पुन्हा धरला होता. नाल्काचं छत्रीएवढं पान डोक्यावर धरून एदुविना अनिमितेपुढे बसली होती आणि पाट्या एकेक करून वाचत होती.

"हा तेमुकोचा कोण गं? मूत्रपिंड बरं झालं म्हणतोय."

"आला होता दोनदा. सोबत आख्खं मेंढरू आणलं होतं भाजायला."

"आणि ही? हिचा नवरा परत आला म्हणे."

"आला. पण महिन्याने तीच म्हणाली, येर्कितोला सांगा, परत घेऊन जा."

म्हातारीच्या ओठांचा कोपरा हलला आणि तसाच थांबला. पानावर वाजणारा पाऊस थांबला.

"सगळ्यांचं ऐकतो," ती म्हणाली. "परक्यांचं. माझ्या तर स्वप्नातही आला नाही कधी. एकदासुद्धा नाही. मी काय केलं होतं त्याचं?"

सरोवर त्या वेळी शिशासारखं निश्चल होतं, आणि त्या निश्चलतेत नोल्फाला आपल्या श्वासाचा आवाज चोरासारखा वाटला. हातातली मेणबत्ती तिने पेटवली नाही.

"तुम्ही काय मागता त्याच्याकडे, दोन्या?"

"काय मागणार? परत ये म्हणते."

"ते त्याला कसं जमेल?"

एदुविनाने डोक्यावरचं पान खाली ठेवलं. मग नोल्फाच्या हातातल्या मेणबत्तीकडे बघून म्हणाली, "आणि तू? तू काय मागतेस?"

नोल्फाने सांगितलं. यास्नाचं, आधीच्या दोघांचं, भरलेल्या दिवसांचं. आणि आवाज चालू होता तोवर, थांबला तर पुन्हा निघणार नाही या भीतीने, हाकेचंही सांगितलं: घर उचलण्याआधी नाव घ्यायचं, निघालो म्हणायचं, प्रत्येक वळणावर थांबून बोलवायचं, नाहीतर तो इथेच राहील, आणि तुम्ही नुसत्या फळ्या घेऊन जाल.

"हे तू मला का सांगितलंस?" एदुविनाने विचारलं. "तुझ्या पोरीचं होईपर्यंत तरी थांबायचं."

"थांबणारच होते."

पलीकडे कुणाच्या तरी तंबूत लहान मूल रडून थांबलं. म्हातारीने ओल्या हातांनी नोल्फाचा हात धरला.

"मी मागेन तुझ्या पोरीसाठी. निघाल्यापासून मागेन. पण माझं ऐकेल की नाही, ते मला सांगता येत नाही, पोरी. आजवर ऐकलेलं नाही."

"ठाऊक आहे," नोल्फा म्हणाली.

सकाळी रोसामेलने घरकुल पिकअपवर चढवलं आणि दोराने आवळलं. बसच्या थांब्यापर्यंत तो सोडणार होता. बायकोकडे त्याने एकदाच पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग कमी आणि भीती जास्त होती. मग ती झटकावी तसं तो म्हणाला, "दोन्या, बसवाला दोन तिकिटं मागेल हं."

"मागू दे. याला विद्यार्थी सवलत आहे," एदुविना म्हणाली, आणि फोटो मांडीवर घेऊन पुढे बसली.

पण हाक मारायची वेळ आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. ओठ हलले, हवा तेवढी बाहेर आली.

"तू मार," ती खिडकीतून नोल्फाला म्हणाली. "त्याला तुझा आवाज रोजचा आहे. माझा विसरला असेल."

नोल्फा पाण्याच्या कडेला गेली. हे तिने धरलं नव्हतं. गप्प न राहणं वेगळं आणि आपल्याच तोंडाने त्याला घालवणं वेगळं. पाठीमागे इंजिन घरघरत होतं, शेवाळातून थेंब ओघळत होते, आणि दूर इस्पितळात कुठल्या तरी घटकेला तिची मुलगी वेणा देणार होती.

"येर्को," ती म्हणाली. मग मोठ्याने, पैलतीराला ऐकू जावं इतक्या मोठ्याने, "येर्को, ऊठ. आई न्यायला आलीय. चल, बाळा, घरी जा."

गाडी हलली. पहिल्या वळणावर ती थांबली, आणि झाडांमधून म्हातारीचा आवाज आला, फाटका, पण आता फुटलेला. दुसऱ्या वळणावर तो ऐकू आला तेव्हा नाव कळलं नाही, नुसता चढ कळला. तिसऱ्या वळणावर गाडी थांबली की नाही, ते नोल्फाला समजलं नाही. ती पावसात कान देऊन उभी होती, आणि एप्रनच्या खिशातला फोन ओल्या हाताने घट्ट धरून.