तळ्याकडची खोली

या, आत या. चौकट बुटकी आहे, डोकं सांभाळा.

(चौकट मुळीच बुटकी नाही. पण पणजोबांपासून आमच्याकडे घर दाखवायची सुरुवात याच वाक्याने होते. पाहुणा उगाच वाकतो, मग वर बघतो, मग हसतो. हसला की घरचा झाला.)

हा दिवाणखाना. पणजोबांनी हा बंगला स्वतःसाठी बांधला, भोवती फळबाग लावली, मागे तळं खणलं. एकदा पावसात अडकलेला एक वाटसरू त्यांनी ठेवून घेतला. जाताना त्याने पैसे पुढे केले. पणजोबा ओशाळले. पणजीने घेतले. पाहुणे ठेवायचा आमचा धंदा तो असा सुरू झाला.

नियम एकच. दारात आलेल्याला ‘जागा नाही’ म्हणायचं नाही. नसेल तर आपली द्यायची.

(आम्हा भावंडांना खोली कधी नव्हतीच, गाद्या होत्या. संध्याकाळी गादी काखेत मारून विचारायचं, “आई, आज कुठे?” जिन्याखाली, कोठीघरात, इस्त्रीच्या खोलीत. दादा म्हणायचा, आपण या घरातले उंदीर, भाडं न देता राहणारे.)

हा जिना. कठडा घरच्याच फणसाचा. आणि वर, डावीकडे...

(इथे थांबते. डावीकडची खोली काल मला कुणालाही दाखवायची नव्हती.)

आई या घरात सून म्हणून आली तेव्हा बाबा तिला म्हणाले होते, “तळ्याकडची खोली आपली. जरा रिकामी होऊ दे.” ती रिकामी झाली नाही. पहाटे त्या खिडकीतून तळ्यावरचं धुकं उचललं जाताना दिसतं. पाहुणे नाश्त्याला खाली येऊन त्याचं वर्णन करतात, आणि तेही आईलाच. आई चहा ओतत म्हणते, “हो का?” धुक्याच्या वेळी ती नेहमी चुलीपाशी असते. चादरी बदलायला वर जाते तोवर ऊन आलेलं असतं. बाबा गेले, तेही इस्त्रीच्या खोलीत.

बंगला विकला. दादा दूर, मला एकटीला झेपेना, आईचं वय झालं. आज सकाळी नवे मालक किल्ल्या घ्यायला येणार होते. म्हणून काल मी फाटक लावून घेतलं, तळ्याकडच्या खोलीत ठेवणीतली चादर घातली आणि आईला म्हटलं, “चल. आज तुझी.”

ती स्वतःची उशी घेऊन आली. पलंगाच्या कडेवर बसली, डॉक्टरकडे बसतात तशी.

“मऊ आहे गं,” ती म्हणाली. “लोक उगाच नाही उशिरा उठत.”

तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी हाक मारली. वयस्कर नवराबायको. गाडी वळणावर बंद पडलेली, काका गुडघा धरून उभे. मी खाली गेले आणि म्हटलं, “जागा नाही.”

शब्द तोंडात परक्यासारखा लागला.

“आहे की,” वरून जिन्याच्या खिडकीतून आई म्हणाली. “या, या. ती वेडी आहे.”

उशी काखेत मारून ती जिना उतरली. मी तिला कोठीघराशी गाठलं.

“आई, एकच रात्र होती.”

“त्यांचा गुडघा बघितलास? आपलं काय, आपण घरचेच.”

“बाबांनी तुला शब्द दिला होता.”

“मोडला कुठे? म्हणाले होते, रिकामी झाली की.” ती हसली. “आता सांग, आज कुठे?”

आम्ही इस्त्रीच्या खोलीत झोपलो. ती बराच वेळ कूस बदलत होती.

सकाळी काकू नाश्त्याला आल्या. “काय ते धुकं! आता तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही रोजच बघता.”

“हो ना,” आई म्हणाली.

मेकॅनिक आला, ती दोघं गेली. आई धुतलेल्या चादरी घेऊन वर गेली, ती खाली येईना. मी दारातून पाहिलं. विस्कटलेल्या पलंगावर ती आडवी झाली होती, चपला पायातच, चादरींची घडी पोटावर. धुकं केव्हाच सरलं होतं. खिडकीत नुसतं पाणी, उन्हातलं, साधं. ती ते बघत होती.

खाली बेल वाजली. नवे मालक, दोघे जण, एकाच्या हातात मोजायची टेप.

“या. चौकट बुटकी आहे, डोकं सांभाळा.”

दोघे वाकले, वर बघून हसले. मग म्हणाले, “वरूनच सुरुवात करू. तळ्याकडची खोली तेवढी आधी बघायचीय.”

मी त्यांच्यापुढे कप मांडले.

“बसा ना,” मी म्हटलं. “जरा रिकामी होऊ दे.”