दगड कोरा

मी किल्ला बोलतोय. तोफांना न डगमगलेला मी, पण आज एका छिन्नीनं मला धडकी भरवलीय.

समुद्राकडच्या माझ्या दरवाजाची कमान बघा. तिच्या मधोमध एक दगड आहे. सगळी कमान त्याच्यावर तोललेली. मला बांधणाऱ्या राजानं त्यावर मासा कोरला. पुढे गलबतांतून परके आले, त्यांनी मासा तासून सिंह काढला. त्यांना हाकलून व्यापारी आले. सिंह गेला, तराजू आला. मग सैन्य आलं आणि तराजूच्या जागी तलवार. प्रत्येकानं मला ‘आपला किल्ला’ म्हटलं आणि आधी आधीच्याची खूण पुसली. दगड मात्र दरवेळी पातळ होत गेला.

आता लोकांचं राज्य आलंय. वाटलं, सुटलो! पण आज सकाळीच पाथरवटानं तलवार तासून टाकली. उद्याच्या समारंभाला तिथे नवं चिन्ह हवंय.

आता नवं चिन्ह कोरायला तो पुन्हा परांचीवर चढला. खाली त्याची बायको त्याच्या कमरेचा दोर धरून उभी. पहिला ठोका पडला आणि माझ्या सांध्यांतून चुना भुरभुरला.

“अहो, उतरा खाली! कमान कण्हतेय, ऐकू येत नाही का?”

“तू दोर धर गं. तुझं आपलं काहीतरीच.”

“थांबू नका!” देखरेखीचे साहेब ओरडले. “वरून हुकूम आहे, उद्यापर्यंत दगड कोरा!”

“मग साहेब, या की कमानीखाली. तुम्ही उभे राहा, हे मारतील ठोका.”

साहेब तावातावानं निघाले. वर पाहिलं. तेवढ्यात दगडात बारीकसं ‘कट्’ झालं आणि ते होते त्याच्याही मागे सरकले.

छिन्नी दगडाला टेकलेली. मी सगळं बळ एकवटून तो दगड धरून ठेवला होता.

“ताई, मग मी वर सांगू काय?” साहेबांचा आवाज उतरला होता.

“त्यांचेच शब्द सांगा. दगड कोरा म्हणाले ना? बघा, आहे की कोरा!”

परांचीवर पाथरवट खो खो हसला. साहेबांनी घाम पुसत फोन लावला. “हो सर. दगड कोरा. अगदी कोरा!”

पाथरवट जपून खाली उतरला. बायकोनं दोर सोडला तेव्हा तिच्या तळव्यांवर वळ उठले होते.

उद्या मोठे साहेब वर बघतील, चिडतीलही. म्हणून आज तुम्हालाच सांगतो. आता लोकांचं राज्य आहे ना, म्हणजे तुमचंच. या, माझ्या कमानीखाली उभे राहा आणि मगच ठरवा. आणखी एक ठोका मला सोसणार नाही.

आणि तसं न कोरताही, मी तुमचाच आहे.